ट्रेमोलो पेडल कोणतं घ्यावं? तीन डब्या घरात आहेत, कान दमलेत

सहावी_तार

नमस्कार मंडळी. बरेच दिवस वाचनमात्र होतो, आज लिहायचं धाडस करतोय. लांबण लागणार आहे, चहा घेऊन बसा.

मी नाशिकच्या इंदिरानगरचा. दिवसा अंबडला मशीन शॉपमध्ये, रात्री गिटार. आमचा चौघांचा ग्रुप आहे: गायला मावसबहीण, तबल्याला तिचा नवरा म्हणजे आमचे दाजी, बेसला कॉलेजातला मित्र आणि मी. कोजागिरीला गंगापूर रोडच्या एका सोसायटीत गच्चीवर कार्यक्रम आहे. आटीव दूध आणि संथ भावगीतं, म्हणजे कल्पना आलीच असेल. अडचण अशी की संथ गाण्यात मी कॉर्ड छेडून सोडला की सूर नुसता पडून राहतो, डबक्यावर शेवाळ पडावं तसा. हलतच नाही. डिले (आवाजाचा प्रतिध्वनी) लावला तर शब्दांवर चढतो. कोरस (एका सुराचे अनेक वाटायला लावणारा) लावला की बहीण म्हणते, "आला लग्नातला ऑर्केस्ट्रा." मग राहिला ट्रेमोलो, म्हणजे आवाज लाटेसारखा कमीजास्त करत राहणारं पायाने चालू-बंद करायचं पेडल.

सध्या घरात तीन डब्या आहेत. एक बॉसचा टीआर-२, उसना आणलेला. १९९७ पासूनचं मॉडेल, नॉब तीन: रेट (लाटेचा वेग), वेव्ह (लाटेचा आकार), डेप्थ (लाट किती खोल). दुसरा बेहरिंगरचा यूटी३००, आमच्या बेसवाल्याच्या माळ्यावर धूळ खात होता. त्यावरही तेच तीन नॉब, नावंही तीच, फक्त अंग प्लॅस्टिकचं. तिसरा म्यूअरचा ट्रेलीकॉप्टर, साबणाच्या वडीपेक्षा लहान, स्वतःला ऑप्टिकल म्हणवणारा. त्यावर स्पीड, बायस आणि डेप्थ. हा सेकंडहँड घेतलाय, आठवड्यात परत करायची मुभा आहे. गिटार टेलिकास्टर घाटाची, अँप वीस वॉटचा ट्रान्झिस्टरवाला.

काल जेवणं झाल्यावर बायकोला आतल्या खोलीत बसवलं, एकच कॉर्ड तिन्हींवर आलटूनपालटून वाजवला आणि कोणता चालू आहे ते न सांगता मत विचारलं. तिचा निकाल: "पहिले दोन एकच आहेत, उगाच फसवू नकोस. तिसरा श्वास घेतल्यासारखा वाटतो. आता झोपू?"

माझ्याही कानाला तेच वाटलं. पण तीन गोष्टी छळतायत. पेडल चालू केलं की एकूण आवाजच पडल्यासारखा वाटतो. टीआर-२ चालू असताना मागून बारीक टक् टक् ऐकू येते. आणि हे ऑप्टिकल खरंच वेगळं असतं की मनाचे खेळ? जाणकारांनी प्रकाश टाकावा.

जुना_बेसवाला

माळ्यावर धूळ खात होता म्हणे! माळा झाडायचं काम चालू होतं. आणि परत करताना बॉक्ससकट कर.

ओहमदादा

सातपूरहून नमस्कार. तिन्ही प्रश्न चांगले आहेत, पहिल्यापासून घेतो.

आवाज पडणं हा डबीचा दोष नाही, गणित आहे. ट्रेमोलो मूळ आवाजाच्या वर जात नाही, तिथून खाली उतरतो आणि परत मूळ जागी येतो. डेप्थ पूर्ण आणि लाट गोल धरली तर सरासरी शक्ती मूळच्या ३/८ उरते, म्हणजे सुमारे ४.३ डेसिबलची घट. चौकोनी लाटेत अर्धा वेळ पूर्ण आवाज, अर्धा वेळ शून्य, म्हणून शक्ती निम्मी आणि घट ३ डेसिबल. गंमत बघा, जी लाट कानाला जास्त तोडते तीच आवाज कमी खाते. म्हणूनच काही पेडलांना वेगळा व्हॉल्यूम नॉब देतात, व्हूडू लॅबच्या ट्रेमोलोला आहे. तुमच्या तिघांपैकी कशालाच नाही. पुढे एक साधा क्लीन बूस्टर (आवाज नुसता वाढवणारं पेडल) ठेवा आणि दोन्ही एकदम चालू करा. किंवा डेप्थ कमी ठेवा, निम्म्या डेप्थला ही घट जवळपास निम्मीच होते.

टक् टक् बद्दल: सगळे पेडल एकाच ॲडॉप्टरवरून, एका तारेच्या माळेवर चालवताय ना?

ऑप्टिकल मनाचे खेळ नाहीत. आत एक दिवा आणि त्याच्यासमोर एलडीआर, म्हणजे उजेडाने बदलणारा रेझिस्टर. दिवा उजळतो-मंदावतो तसा आवाज कमीजास्त होतो. एलडीआरची खोड अशी की उजेड पडला तर चटकन प्रतिसाद देतो आणि अंधार झाला की सावरायला वेळ घेतो. त्यामुळे लाटेची चढण आणि उतरण सारखी राहत नाही. घरच्यांना जो श्वास ऐकू आला तो हाच. १९६३-६४ पासूनच्या काळ्या पॅनेलच्या बहुतेक फेंडर अँपमध्ये हेच होतं, फक्त दिवा निऑनचा. निऑन एकदम पेटतो, म्हणून तिथे आवाज झटकन खाली पडतो आणि मग लंगडत वर येतो.

नवशिका

बेसिक शंका, हसू नका. ट्रेमोलो म्हणजे स्ट्रॅट (स्ट्रॅटोकास्टर) गिटारच्या ब्रिजला दांडा असतो तोच ना? मग त्याचं पेडल कसं?

खरजातला

हसत नाही, कारण हा घोळ फेंडरनेच घालून ठेवलाय. १९५४ साली स्ट्रॅटोकास्टर आली तेव्हा दांड्याला नाव दिलं ट्रेमोलो. तो तारांचा ताण बदलून स्वर वरखाली करतो, म्हणजे व्हायब्रॅटो. आणि नंतर अँपवर जिथे व्हायब्रॅटो छापलं तिथे आवाज कमीजास्त होतो, म्हणजे ट्रेमोलो. नाव इकडचं तिकडे. १९५५ च्या त्यांच्या पहिल्या ट्रेमोलोवाल्या अँपचं नाव मात्र ट्रेमोलक्स, तेवढं बरोबर जमलं होतं.

लहानपणी टेबल फॅनसमोर तोंड धरून "आऽऽऽ" केलं असशीलच. पातं समोर आलं की आवाज अडतो, सरकलं की सुटतो. हा ट्रेमोलो. गवई एखाद्या स्वरावर आंदोलन घेतो ते मात्र स्वराचं हलणं, ते दुसरं कूळ.

नवशिका

फॅन! आता डोक्यात बसलं. धन्यवाद सर.

पेटीकाका

मी गिटारवाला नाही, पंचवटीत पेट्या दुरुस्त करतो. नातवाने हा धागा वाचून दाखवला म्हणून लिहितोय, टंकतोय तोच.

आमच्या पेटीला ही सोय तुमच्या डब्यांच्या आधीपासून आहे. पुढच्या खुंट्यांमध्ये एक ट्रेमोलोची असते. ती ओढली की आत हवेच्या वाटेवरची एक हलकी झडप मोकळी होते आणि हवेच्या जोराने फडफडते. हवा अडते-सुटते, सूर थरथरतो. वेगाचा नॉब नाही, भाता जसा माराल तसा वेग. दुरुस्तीला येणाऱ्या निम्म्या पेट्यांत ती झडप चिकटून बसलेली असते आणि मालकाला ती खुंटी कशाची हेच माहीत नसतं. विचारलं तर म्हणतात, शोभेची आहे.

सहावी_तार

काका, दंडवत! माझ्या आजोबांच्या पेटीला अशी एक खुंटी होती, ओढून काहीच व्हायचं नाही. शोभेचीच समजत होतो.

ओहमदादा, होय, सगळं एका ॲडॉप्टरवर माळेने. ड्राइव्ह (आवाज फाडणारं पेडल), टीआर-२, डिले, तिघंही. आज तपासतो.

खरजातला

पेटीकाकांवरून आठवलं. गिटारचं सगळ्यात जुनं ट्रेमोलो यंत्रही असंच हलत्या वस्तूचं होतं. १९४० च्या दशकातला डिआर्मंड कंपनीचा ट्रेमोलो कंट्रोल. आत एक छोटी मोटर, ती एका डबीतला वीज वाहून नेणारा द्रव हिंदकळवत ठेवायची. द्रव आतल्या टोकाला लागला की सिग्नलचा काही भाग ग्राउंडला निघून जायचा, मागे सरला की परत यायचा. अमेरिकन गिटारवाला बो डिडली, त्याच्या सुरुवातीच्या रेकॉर्डवर जी धडधड ऐकू येते ती या यंत्राची. पाण्यासारखा द्रव हिंदकळतो म्हणून ती लाट इतकी गुळगुळीत.

अवांतर: आजकाल लोक ज्याला 'व्हिंटेज वॉर्म' म्हणतात त्यातलं अर्धं श्रेय अशा ढिल्या, आळशी सुट्या भागांना आहे.

देवळालीचा_पाहुणा

उशिरा आलो. माझ्याकडे स्ट्रायमनचा फ्लिंट आहे, चार वर्षं झाली. एकाच डबीत ट्रेमोलो आणि रिव्हर्ब (हॉलमधल्यासारखी घुमण). ट्रेमोलो तीन प्रकारचे: ६१ चा हार्मोनिक, ६३ चा ट्यूब आणि ६५ चा फोटोसेल. म्हणजे फेंडरने त्या चार-पाच वर्षांत जे तीन मार्ग धरले, ते शेजारीशेजारी ऐकता येतात. या धाग्यासाठी यापेक्षा सोयीची वस्तू नसेल.

फोटोसेलचं ओहमदादांनी सांगितलंच. ट्यूबवाल्यात पॉवर व्हॉल्व्हचा बायसच (व्हॉल्व्ह किती वीज वाहू देतो ते ठरवणारा दाब) वरखाली करतात, तो तिघांत सगळ्यात मऊ. खऱ्या अँपवर तर जोरात वाजवलं की थरथर कमी होते आणि हळू वाजवलं की वाढते.

पण तुमच्या कामाचा हार्मोनिक. १९६० ते ६३ च्या तपकिरी फेंडर अँपमधला. यात सिग्नलचे दोन भाग करतात, खर्ज वेगळा आणि वरचा भाग वेगळा, आणि दोघांना उलट हलवतात. खर्ज वर आला की वरचा भाग खाली, आणि उलट. म्हणजे आवाज बुडतच नाही, त्याचा रंग पालटत राहतो. गाणाऱ्याच्या शब्दांखाली घालायला मला तरी याहून बरं काही सापडलेलं नाही. कॉलेज रोडला येणं झालं तर कळवा, घेऊन येतो.

सहावी_तार

पाहुणे, तुमच्या डबीवर तास काढला, आभार. मिसळीचं बिल तुम्ही दिलंत ते पुढच्या वेळी माझ्याकडे.

मंडळी, माझं प्रामाणिक मत: हार्मोनिक ऐकल्यावर पहिली दहा मिनिटं मी बाकी दोन मोडकडे वळलोच नाही. कॉर्ड सोडला की जणू कुणी खिडकीचा पडदा हळूहळू सारतंय. नंतर ६३ वर गेलो आणि तिथेच अडकलो. हार्मोनिक सुंदर आहे, पण त्याच्याकडे लक्ष जातं. फेजरची (आवाज गरगर फिरवणाऱ्या पेडलची) झाक येते. ६३ कडे लक्ष जात नाही, तो बंद केल्यावर काहीतरी गेल्यासारखं वाटतं. मला हेच हवंय असं तिथे कळलं.

किंमत मात्र माझ्या आवाक्याबाहेर. तेवढ्यात स्कूटरला नवे टायर, बॅटरी, इन्शुरन्स होऊन वर पेट्रोल उरेल.

घरी येऊन टीआर-२ चा वेव्ह पूर्ण डावीकडे, डेप्थ दहाच्या काट्याला, रेट अकराच्या. बरंच जवळ गेलो. श्वास नाही, पण मऊपणा आहे. ट्रेलीकॉप्टरवर बायस थोडा हलवला की धडधडीचा पोत बदलतो, हे मी आधी नीट केलंच नव्हतं.

मीठमिरची

मी कीबोर्ड वाजवते, नाशिकरोड. एक गोष्ट अजून कुणी बोललंच नाही: टॅप टेम्पो. तो नसलेलं पेडल घेऊच नका. गाण्याची लय मिनिटाला १२० असेल तर ठोक्याला एक लाट म्हणजे २ हर्ट्झ, दुप्पट घेतली तर ४, तिप्पट तर ६. नॉबने हे जमवणं म्हणजे अंधारात सुईत दोरा ओवणं. वॉलरसच्या मॉन्युमेंटसारख्या पेडलांवर पायाने दोनदा ठोका दिला की वेग बसतो, वर लाटेचे आकारही निवडता येतात. लय आणि लाट जुळली नाही तर ऐकणाऱ्याला काहीतरी चुकतंय असंच वाटत राहतं.

खरजातला

ताई, ड्रममशीन असेल तर शंभर टक्के सहमत. तबला असेल तर नाही.

मीठमिरची

का बरं? तबलजी लयीत वाजवत नाही की काय? :)

सहावी_तार

ताई, हा प्रश्न मी काल दाजींना विचारला आणि पोळलो. एका गाण्याला दादरा (सहा मात्रांचा ताल) आहे, मात्रा मिनिटाला १८० च्या आसपास. मी फोनवर मोजून ट्रेलीकॉप्टर बरोबर ३ हर्ट्झला लावला, मात्रेला एक लाट. मुखडा झकास झाला, अंगावर काटा. अंतऱ्याला सगळं विस्कटलं. मी थांबून म्हटलं, "दाजी, लय पडतेय." त्यांनी डग्ग्यावरचा हातही उचलला नाही.

"पडत नाही, तुझी बहीण ओढून गातेय. मी तिच्यासोबत जातोय. तुझी डबी कुणासोबत जातेय?"

पुढे उत्तर सुचलं नाही. घरी आकडेमोड केली. लय १८० वरून १७२ वर सरकली तर ३ हर्ट्झच्या लाटेत आणि मात्रेत पावणेचार सेकंदांत अर्ध्या लाटेचा फरक पडतो. म्हणजे दादऱ्याची दोन आवर्तनं पुरी व्हायच्या आत लाट उलटी. जिथे सम, तिथे खड्डा. आणि १८० चं १७२ होणं याला कुणी लय पडणं म्हणत नाही, गाणं म्हणतात.

खरजातला

हेच म्हणायचं होतं. जिवंत तालाबरोबर दोनच रस्ते आहेत. टॅप असेल तर समेवर पुन्हा पुन्हा ठोका द्या, पण मग तुम्ही गिटार वाजवताय की शिलाई मशीन चालवताय ते ठरवा. नाहीतर लयीच्या वाटेलाच जाऊ नका: वेग साडेपाच-सहा हर्ट्झ, डेप्थ उथळ. त्या वेगाला कान लाटा मोजत नाही, त्याला नुसती झिलई जाणवते. जुळायचं काही नसलं की बिघडायचंही काही नाही.

अजून एक. संथ आणि खोल ट्रेमोलोत उजव्या हाताची गोची होते. तार छेडण्याचा क्षण नेमका खड्ड्यात आला तर आघात गिळला जातो, सूर मागच्या दाराने आल्यासारखा येतो. एकाच कॉर्डवर पेडल तपासताना हे कळत नाही, आठ-दहा स्वरांची सुरावट वाजवून बघा.

मीठमिरची

दाजींना नमस्कार सांगा. माझं सगळं वादन ट्रॅकवर असतं, त्यामुळे हे डोक्यातच आलं नाही. तरी एखादं गाणं ठोकळेबाज असेल तर टॅप लागतोच, तेवढं मागे घेणार नाही.

ओहमदादा

टक् टक् चं काय झालं?

सहावी_तार

सापडलं! टीआर-२ मध्ये नऊ व्होल्टची बॅटरी घातली, बाकी दोघं ॲडॉप्टरवर ठेवले. टकटक गायब. परत माळेवर घेतला, परत हजर. मग एक नवीन गोष्ट लक्षात आली: ड्राइव्ह बंद असेल तर माळेवरही जवळजवळ ऐकू येत नाही. म्हणजे टीआर-२ स्वतः टकटकत नाहीये, शेजारच्याला त्याची टकटक ऐकू जातेय आणि तो ती मोठ्याने सांगतोय. चाळीत राहिलेल्यांना हे सर्किट समजावून सांगायची गरज नाही.

ओहमदादा

अगदी बरोबर पकडलंत. ट्रेमोलोच्या आतली संथ लाट तयार करणारा भाग दर फेरीला वीज थोडी कमीजास्त ओढतो. पुरवठ्याची तार सगळ्यांची एक, त्यामुळे त्या तारेवर छोटे धक्के बसतात आणि जास्त गेनवाला पेडल ते फुगवतो. सरळ उपाय म्हणजे प्रत्येकाला वेगळा, आयसोलेटेड पुरवठा. स्वस्तातला उपाय: ट्रेमोलोकडे जाणाऱ्या पॉझिटिव्ह तारेत ४७ ओहमचा रेझिस्टर आणि त्याच्या पुढे पेडलच्या बाजूला २२० मायक्रोफॅरडचा कपॅसिटर, दुसरं टोक ग्राउंडला. सुमारे १५ हर्ट्झच्या वरचं गाळून निघतं. तुमची लाट पाच-सहा हर्ट्झची असली तरी कानाला टोचते ती लाट नसून तिची धार असते, आणि धार या गाळणीत अडकते.

सूचना: दहा-वीस मिलीअँपिअर खाणाऱ्या डबीलाच हे करा. फ्लिंटला २५० लागतात. ४७ ओहममधून तेवढे ओढायचे म्हटले तर वाटेतच पावणेबारा व्होल्ट पडायला हवेत, आणि तुमच्याकडे आहेत नऊ. डबी चालूच होणार नाही.

माझी स्वतःची फजिती सांगतो. कॉलेजात असताना पहिला ऑप्टिकल ट्रेमोलो मी स्वतः बनवला होता. एलईडी आणि एलडीआर समोरासमोर, वर काळी श्रिंक ट्यूब. घाईत ट्यूबचं एक टोक नीट बंद केलं नाही आणि डबीला झाकणही लावलं नाही. घरी दिवसाउजेडी ठीक वाजायचा. गॅदरिंगच्या तालमीला हॉलमध्ये गेलो, वर रांगेने चोकवाल्या ट्यूबलाइट. पेडल चालू केलं की खालून "हंऽऽ" असा गुणगुणाट. तास गेला अर्थिंग शोधण्यात. शेवटी एकजण डबीवर वाकून बघायला लागला, त्याची सावली पडली आणि गुणगुण थांबली. ट्यूबलाइट सेकंदाला शंभर वेळा लुकलुकते, एलडीआर तेच वाजवत होता. त्या दिवशी अख्खा कार्यक्रम पेडलवर टोपी ठेवून केला.

नवशिका

टोपी!! वाचनखूण साठवली.

एक विचारू? ट्रेमोलो ड्राइव्हच्या आधी लावायचा की नंतर?

देवळालीचा_पाहुणा

नंतर. आधी लावलास तर ड्राइव्ह सगळे खड्डे बुजवून टाकतो. आवाज हलत नाही, फक्त फाटण्याचं प्रमाण कमीजास्त होतं. कधी कधी तेही छान लागतं, पण मुद्दाम हवं असेल तर. रिव्हर्बच्या बाबतीत दोन्ही चालतं. पेडलवाले बहुतेक ट्रेमोलो आधी आणि रिव्हर्ब शेवटी ठेवतात. काळ्या पॅनेलच्या फेंडरमध्ये मात्र उलट, रिव्हर्ब मिसळून झाल्यावर ट्रेमोलो, त्यामुळे रिव्हर्बची शेपटीसुद्धा थरथरते. दोन्ही करून बघ, फुकट आहे.

जुना_बेसवाला

कोजागिरी परवा झाली. हा लिहीत नाहीये कारण याला लाज वाटतेय. मी वाट बघतोय.

सहावी_तार

लिहितोय रे बाबा.

ट्रेलीकॉप्टर ठेवून घेतला, टीआर-२ ची उसनवारी दाजींच्या ओळखीने आठवडाभर वाढवली. गच्चीवर दोन्ही नेले. संथ गाण्यांना ट्रेलीकॉप्टर, वेग साडेपाचच्या आसपास, डेप्थ घरी ठरवलेला. आणि शेवटी मुलांना नाचायला एक नाशिक ढोलच्या ठेक्याचं गाणं होतं, त्याला टीआर-२, वेव्ह पूर्ण उजवीकडे, डेप्थ पूर्ण, म्हणजे चौकोनी लाट, कॉर्डचे तुकडे तुकडे.

पहिला धडा साउंड चेकलाच मिळाला. रिकाम्या गच्चीवर गोड वाटणारा डेप्थ लोक आल्यावर कापल्यासारखा वाटायला लागला. दीडशे माणसं, वाट्यांचा खणखणाट, पोरांची पळापळ. लाटेचा खालचा भाग त्या गलक्याखाली जात होता, वर फक्त शेंडे दिसत होते. डेप्थ घरच्यापेक्षा निम्मा केला तेव्हा कुठे परत तो श्वास आला. हे मला कुणीही आधी सांगितलं असतं तरी पटलं नसतं, घरी नेहमी उलट वाटायचं.

दादरा झाला. अंतऱ्याला बहिणीने नेहमीपेक्षा जास्त ओढलं, दाजी तिच्या मागे, आणि ट्रेलीकॉप्टर आपला खाली झुळझुळत राहिला, कुणाच्या अध्यात ना मध्यात. गाणं संपल्यावर दाजींनी माझ्याकडे बघून एकदाच मान हलवली. इतक्या वर्षांत दुसऱ्यांदा.

आता लाजेची गोष्ट. दोन्ही डब्या शेजारीशेजारी ठेवल्या होत्या, बारा वाजून गेलेले, दूध चंद्राला दाखवायचं म्हणून सोसायटीवाल्यांनी गच्चीवरचे सगळे दिवे बंद केले. चंद्रप्रकाशात पेडलचे रंग दिसत नाहीत हे मला त्या दिवशी कळलं. अत्यंत हळुवार गाणं, बहिणीने पहिली ओळ घेतली, मी पाय टाकला तो टीआर-२ वर. पूर्ण डेप्थ, चौकोनी लाट. प्रेमगीताखाली ट्रॅक्टर चालू झाला. मी घाबरून परत दाबायला गेलो तर पाय बूस्टरवर. ट्रॅक्टर जवळ आला. पहिल्या रांगेतल्या एक आजी दुधाची वाटी खाली ठेवून कठड्यापाशी बघायला गेल्या की खाली कोण आलं.

जुना_बेसवाला

मी बेस सोडून हसत होतो हे लिहायचं राहिलं.

मीठमिरची

आजी!!! मेले हसून.

पुढच्या वेळी नॉबच्या रेघेवर आणि स्विचवर पांढरी नेलपॉलिश लावा. मी कीबोर्डच्या बटणांवर लावते, अंधारातही दिसते.

सहावी_तार

बायकोची लावली. आता ती म्हणते, बाटली भरून दे.

निर्णय विचारणाऱ्यांना: ट्रेलीकॉप्टर राहिला, टीआर-२ परत गेला, आणि यूटी३०० बेसवाल्याला बॉक्ससकट पोचला. तुकडे करणारा ट्रेमोलो वर्षातून एका गाण्याला लागतो, तेवढ्यासाठी तो परत मागून आणीन. ४७ ओहम आणि २२० मायक्रोफॅरडची तार बनवून ठेवलीये, चालते.

काका, आजोबांची पेटी गावाहून आणली. खुंटी ओढली तर आत काहीतरी खुळखुळतं, सूर काही थरथरत नाही. कधी घेऊन येऊ?

पेटीकाका

खुळखुळतं म्हणजे झडप निखळून खाली पडलीय, हरवलेली नाही. चामडं वाळलं असेल, नवं लावू. रविवारी सकाळी या. तुमची ती लहान डबी आणि गिटारही आणा, झडपेचा आणि डबीचा वेग शेजारी ठेवून मोजू असं नातू म्हणतो. शनिवारी नको, शनिवारी आमच्याकडे लाईट नसते. पेटीला चालतं, तुमचं अडेल.